फुग्यावरच्या सुरकुत्या

विजयश्री आणि मी एकाच कंपनीत. चाकणला, मोटारींच्या मोठ्या कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला आमची छोटी कंपनी आहे. दवाखान्यात लागणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या आम्ही बनवतो. मी तपासणी विभागात, ती नवीन माल तयार करणाऱ्या विभागात. भोसरीहून मी कंपनीच्या बसमध्ये बसायचे, मोशीला ती चढायची. माझ्या शेजारची जागा मी बॅग ठेवून धरलेली असायची. इंद्रायणीचा पूल येईपर्यंत ती गप्प असे. पूल ओलांडला की बोलायला लागे आणि मग चाकण येईपर्यंत थांबत नसे.

बोलणं बहुतेक वेळा एका फुग्याचं.

रुग्णाला स्वतःहून श्वास घेता येईनासा झाला की व्हेंटिलेटरची नळी त्याच्या श्वासनलिकेत घालतात. त्या नळीच्या टोकाजवळ एक लहानसा फुगा असतो. बाहेरून हवा भरली की तो फुगतो आणि नळीभोवतीची जागा बंद होते. यंत्राची हवा वर निसटत नाही, आणि तोंडातली लाळ खाली फुप्फुसात उतरत नाही. उतरू नये, एवढंच खरं तर म्हणायला हवं. कारण फुगा श्वासनलिकेपेक्षा मोठा बनवलेला असतो, तो आत पूर्ण उलगडत नाही. मापापेक्षा मोठं पोलकं घातलं की अंगावर चुण्या पडतात, तशा त्याला सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्यांच्या खाचांतून लाळ झिरपते, फुप्फुसात जाते आणि तिथं न्यूमोनिया होतो. बरं, जास्त हवा भरून फुगा दाबून बसवावा, तर आतली कातडी रक्त न मिळून मरते.

कंपनीत ह्या फुग्याला इंग्रजीत 'कफ' म्हणतात. विजयश्रीच्या आईला, विमलबाईंना, कितीतरी दिवस वाटत होतं की पोरगी खोकल्याच्या कफावर काहीतरी औषध काढतेय. शेजारणींनाही त्या तसंच सांगायच्या. विजयश्रीनं त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. "तसं बघितलं तर फार चूक नाही," एवढंच म्हणायची आणि हसायची.

तिला सुरकुतीच पडणार नाही असा फुगा करायचा होता. जुन्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी पातळ, आणि आकारानं वर रुंद, खाली निमुळता. म्हणजे श्वासनलिका कुठल्याही मापाची असो, फुग्याचा कुठला ना कुठला घेर तिच्याशी बरोब्बर जुळेल आणि त्या पट्ट्यात तरी खाच राहणार नाही. तिच्या टेबलावर काचेच्या उभ्या नळ्यांची रांग असायची. त्यांत नमुने बसवलेले, वर निळं पाणी ओतलेलं. जुन्या फुग्यांच्या कडेनं निळे ओघळ उतरताना आम्ही सगळ्यांनी बघितले होते. नव्या फुग्यांवर पाणी थांबायला लागलं तेव्हा तिनं मला जेवणाच्या सुट्टीत हाताला धरून नेलं. "कस्तुरा, बघ. बघ ना नीट!" मी बघितलं. वर निळं, खाली कोरडं. आमचे साहेबही खूश झाले, पण म्हणाले, "आता खरं काम सुरू. निर्जंतुक केल्यावर टिकतो का, शरीराच्या उष्णतेत किती आठवडे टिकतो, ते बघायचंय." तिला ते पटलेलंच होतं.

तिचे वडील आबाजी. मोशीचं जुनं घराणं. जमिनीवर आता इमारती उभ्या राहिल्या, तरी आबाजींचा जीव बैलगाडा शर्यतीत. त्यांचा स्वतःचा गाडा कधीच नव्हता. त्यांची मालमत्ता म्हणजे आवाज. मावळापासून खेडपर्यंत कुठल्याही घाटात, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या धावपट्टीवर, गाडे पळायचे असले की माईकवर आबाजी. मी एकदा ऐकलंय त्यांना, आमच्या बसमधल्या कुणाच्या तरी मोबाईलवर. बैल सुटले की हा माणूस दम न घेता गाडामालकाचं नाव, गाव, बैलांची नावं सांगत सुटायचा, आणि निशाण पडलं की मांडवातली माणसं उभी राहायची. घरी मात्र हळू बोलायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा म्हणाले, "ये पोरी. तू मराठवाड्याकडची न्हवं? मग तुला आमची भाकर पातळ लागंल."

हिवाळ्यात त्यांच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. दोन दिवसांत एका शर्यतीच्या मांडवाची पायरी चढताना पाय उचलेना. विजयश्रीचा धाकटा भाऊ गणराज त्यांना उचलून टेम्पोत घालून दवाखान्यात घेऊन गेला. त्याचा कंपन्यांना माल पोचवण्याचा धंदा आहे, त्या दिवशी तो भरलेला टेम्पो तसाच घेऊन गेला होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: जीबीएस. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. पायांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं. पायांनंतर हात गेले, मग गिळणं गेलं आणि शेवटी श्वास.

"ह्यातून बहुतेक लोक बरे होतात," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू. महिने लागतील. तोवर त्यांना जपणं, एवढंच आपलं काम."

आधी तोंडातून नळी घातली. मग बरेच दिवस लागणार म्हणून गळ्याला छेद देऊन तिथून आखूड नळी बसवली. तिलाही तसाच फुगा असतो. विजयश्री पहिल्यांदा आत गेली आणि वडिलांच्या चेहऱ्याच्या आधी तिची नजर त्या नळीवर गेली. बाहेर लोंबणारी हवा भरायची छोटी झडप तिनं लांबूनच ओळखली. आमच्याच कंपनीची होती. जुना प्रकार.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती पूल ओलांडल्यावरही बोलली नाही.

आबाजींचं डोकं शाबूत होतं. सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं. फक्त पापण्या हलायच्या. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. ज्यांच्या तोंडाला कधी खंड नव्हता ते आबाजी छताकडं बघत पडून असायचे, आणि फुगा फुगलेला असल्यामुळं श्वासाचा साधा हुंकारही स्वरयंत्रापर्यंत पोचायचा नाही. जयमाला नावाच्या एक सिस्टर होत्या. त्या दर थोड्या वेळानं बारीक नळीनं त्यांच्या घशातली लाळ ओढून काढायच्या. विजयश्री कोपऱ्यात उभी राहून तो घुरघुर आवाज ऐकायची. मला एकदा म्हणाली, "मला माहितीये गं, ती लाळ कुठून कशी चाललीये. डोळे मिटले की मला निळी दिसते."

काही आठवड्यांत पहिला न्यूमोनिया झाला. ताप चढला, औषधं बदलली. त्याच दिवसांत गणराजनं दवाखान्याच्या जिन्यात तिला गाठलं. मी तिच्यासोबत होते.

"ताई, तू म्हणली होतीस ना, तुझ्या नव्या नळीतनं पाणी जात न्हाई?"

"हो. काचेत जात नाही."

"मग आण ना ती. डॉक्टरांच्या पाया पडू आपण."

"गणू, ती माणसावर अजून वापरलेली नाही. किती दिवस टिकते ते कळायचंय. आत फुटली तर?"

"आन् हिच्यानं काय चाललंय ते दिसतंय ना तुला?"

"दिसतंय."

"लोकांसाठी नवी करायची आन् आपल्या बापाच्या गळ्यात जुनी ठेवायची. असं असतंय व्हय तुमच्या कंपनीत?"

तो जिना उतरून गेला. तिनं कठड्याला धरलं आणि मला म्हणाली, "तो चुकीचं बोलला नाही. मीही चुकीचं बोलले नाही. आता मी काय करू, कस्तुरा?"

तिनं काय केलं ते फक्त मला माहीत आहे. एके दिवशी टेबलाच्या खणातली, गळ्यात बसवायची एक नवी आखूड नळी तिनं पिशवीत घातली आणि दवाखान्यात घेऊन गेली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. डॉक्टर दोनदा समोरून गेले. "काही विचारायचंय का?" असंही त्यांनी विचारलं. ती "नाही" म्हणाली. भेटायची वेळ संपली तशी उठली, आणि दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा खणात ठेवली. हे सांगताना ती बसच्या खिडकीबाहेर बघत होती. मी तिचा हात धरला, तो गार होता.

तो न्यूमोनिया उतरला. आबाजींची बोटं जराशी हलायला लागली. मान थोडी वळायला लागली. डॉक्टर म्हणाले, "चांगली खूण आहे. थोडा वेळ यंत्र काढून बघू. फुग्यातली हवा सोडली तर कदाचित बोलतीलही. थोडा धोका असतो, लाळ खाली जाऊ शकते. पण आम्ही सगळे इथं आहोत. आणि इतके दिवस गप्प पडलेल्या माणसाला आवाज मिळाला की उमेद येते."

विमलबाई, गणराज आणि विजयश्री, तिघंही त्या दिवशी आत गेले. सिस्टरनी घसा साफ केला, पिचकारीनं फुग्यातली हवा ओढून घेतली आणि नळीच्या तोंडावर छोटी टोपी बसवली. फुग्यातून हवा गेली ती सुस्कारा टाकल्यासारखी, असं विजयश्री म्हणाली. आबाजी आधी खोकले. मग ओठ हलले. आवाज यायला वेळ लागला, आणि आला तो त्यांचा वाटलाच नाही. कोरडा, फुटका, कुणा म्हाताऱ्याचा.

"पाणी," ते म्हणाले.

गणराज रडायलाच लागला. "आबा, बोललात! आबा, बोललात तुमी!"

"पाणी द्या गं," आबाजी पुन्हा म्हणाले, विजयश्रीकडं बघून. "लई दिस झालं. घोटभर."

देता येत नव्हतं. गिळणं अजून परतलं नव्हतं. घोट घेतला असता तर तो सरळ फुप्फुसात गेला असता. विजयश्रीनं डॉक्टरांकडं बघितलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिनं कापसाचा बोळा भिजवून वडिलांच्या ओठांवरून फिरवला. त्यांनी तो ओठांत धरून चोखायचा प्रयत्न केला. तिनं हळूच काढून घेतला.

"आबा, थोडे दिवस थांबा. मग देते."

आबाजींनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, असं ती सांगते. परका माणूस वाट अडवून उभा असावा आणि आपण त्याला ओळखायचा प्रयत्न करावा, तसं. मग ते विमलबाईंकडं वळले. "जेवलीस का?" एवढं विचारलं. विमलबाई "व्हय, जेवले" म्हणाल्या. त्या सकाळपासून उपाशी होत्या. तेवढ्यात आबाजींना धाप लागली. सिस्टरनी टोपी काढली, फुगा पुन्हा फुगवला, यंत्र जोडलं. खोली पुन्हा यंत्राच्या आवाजानं भरून गेली.

त्यानंतर दोनदा तसं करायचं ठरलं होतं, पण पुन्हा ताप आला. ह्या वेळी औषधं लागू पडेनात. विजयश्रीनं डॉक्टरांना सरळ विचारलं, "त्या दिवशी हवा सोडली म्हणून का?"

"तसं म्हणता येणार नाही. आधीच सुरू झालं असेल. फुगा फुगलेला असतानाही उतरतंच थोडं थोडं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये."

"नवा फुगा असता तर?"

"कदाचित. कदाचित नाही. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

आबाजी एका दुपारी गेले. नसांचा आजार उतरत होता. हाताची बोटं शेवटपर्यंत हलत होती. मोशीला अंत्ययात्रेला आजूबाजूच्या गावांचे गाडामालक आले होते. कुणीतरी बैलांनाही आणलं होतं, गुलाल न लावता.

दहावा झाला, तेरावा झाला. गणराज विजयश्रीशी बोलेनासा झाला. भांडण केलं नाही, मोठ्यानं काही बोलला नाही. एकाच घरात ती खालच्या मजल्यावर आईसोबत, तो वर बायकोसोबत. तिनं वाढलेलं ताट तो घेत नसे, आईनं वाढलं तर जेवायचा. एकदाच, पाहुण्यांसमोर त्याच्या तोंडून निघालं, "हिच्या टेबलावर व्हती. आमचा आबा वाचला असता." पाहुण्यांनी विजयश्रीकडं बघितलं. ती भांडी उचलत होती, उचलतच राहिली.

कामावर ती लवकरच परतली. साहेबांनी दुसरं काम देऊ केलं. "थोडे दिवस ह्या नळ्या नकोत तुला," ते म्हणाले. तिनं ऐकलं नाही. पुन्हा काचेच्या नळ्या, पुन्हा निळं पाणी. फक्त आता नव्या फुग्यावर पाणी थांबलेलं बघून तिला आनंद व्हायचा नाही. ती तापमान बघायची, लिहून ठेवायची आणि पुढं जायची.

पावसाळ्यात टिकाऊपणाच्या चाचणीचे निकाल आले. ती चाचणी मीच करत होते. निर्जंतुक केलेले फुगे शरीराइतक्या उष्ण पाण्यात फुगवून ठेवायचे आणि वाट बघायची. पहिला आठवडा ठीक गेला. मग एकेक करून ते बसायला लागले. पातळ पापुद्रा जिथं नळीला चिकटवलेला होता तिथं जोड सुटत होता. काही हळूहळू बसले, काही एकदम फाटले. त्या घाण्यातले, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालातले, जवळजवळ सगळे गेले. तोच घाणा, ज्यातली नळी तिनं पिशवीतून नेली होती.

मी तिला बोलावलं. तिनं स्वतः एकेक फुगा हातात घेऊन बघितला. खणातली ती नळीही तिनं आणून पाण्यात लावली. काही दिवसांनी तीही फाटली, वरच्या कडेला, एका बाजूनं सरळ.

"आत असती तर?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"सगळी लाळ एकदम खाली. यंत्राची हवा वर. कदाचित त्याच दिवशी." तिनं फाटलेला फुगा कागदावर ठेवला. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. "म्हणजे मी बरोबर होते," ती म्हणाली. जणू कुणी तिच्या हातात दुसऱ्याचंच काहीतरी आणून दिलं होतं आणि ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

"आजच्या आज गणराजला सांग," मी म्हणाले. "हवं तर मी येते. मी सांगते."

"नको."

"विजू, तो इतके महिने तुला..."

"नको म्हटलं ना. ऐक. त्याला वाटतंय की आबा वाचले असते, फक्त ताईनं नळी आणली नाही. मी सांगितलं की नव्या नळीनंही ते गेले असते, तर मग त्याच्याकडं काय राहिलं? आबा नुसतेच गेले, कुणाचीच चूक नसताना. ते मला झेपत नाही, कस्तुरा. त्याला कसं झेपेल? माझ्यावर रागावून तरी उभा आहे तो."

मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण बहीण ती होती, मी नव्हते.

मग आम्ही जोडावर काम केलं. चिकटवायची पद्धत बदलली, कडेचा पापुद्रा किंचित जाड ठेवला. कितीतरी घाणे वाया गेले. शेवटी एक घाणा पाण्यात टिकला, आणि त्याच्या पुढचाही टिकला. कागदपत्रं परवानगीसाठी गेली. माणसांवर वापरायला अजून वेळ आहे.

आबाजींच्या वर्षश्राद्धाला मी मोशीला गेले. मांडव लहानच होता. गणराज स्वतः पंगतीत वाढत होता. माझ्या पानात वरण वाढताना तो थांबला.

"ती नळी झाली का वो तुमची?"

पलीकडं स्वयंपाकघराच्या दारात विजयश्री उभी होती. तिला त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ती माझ्याकडंच बघत होती. माझ्या तोंडात सगळं आलं होतं: पाण्यातले फुगे, सुटलेले जोड, ती खणातली नळी. एका दमात सांगून टाकता आलं असतं.

"झाली," मी म्हणाले. "आत्ता कुठं झाली."

"चांगलं झालं," तो म्हणाला. पळीतलं वरण भातावर घातलं. थोडं पानाबाहेर सांडलं. "कुणाच्या तरी बापाला उपेगी पडंल." आणि पुढच्या पानाकडं सरकला.

निघताना विजयश्री फाटकापर्यंत आली. रस्त्यावर चाकणकडं जाणाऱ्या कंटेनरची रांग लागली होती, त्यांच्या आवाजात तिला मोठ्यानं विचारावं लागलं.

"काय म्हणाला गं गणू?"

"नळी झाली का, विचारलं. चांगलं झालं म्हणाला."

ती थांबली. फाटकाची कडी तिनं लावली, पुन्हा काढली.

"माझ्याविषयी काही?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. आतून विमलबाईंनी हाक मारली, घरच्या बायकांची पंगत बसायची राहिली होती. ती पदर खोचून आत गेली.